वही खिडकीवर टांगा : गड्ड्यावरच्या पाळणेवाल्यांना खुले पत्र

प्रति,
दर जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा, कोलंबस आणि ड्रॅगन ट्रेन उभारणारे सर्व मालक, फिटर आणि ऑपरेटर बंधू,

सप्रेम नमस्कार.

संक्रांत जवळ आली की गड्ड्याबद्दल दोनच मागण्या कानावर येतात. कुणी म्हणतं पाळणे बंद करा, कुणी म्हणतं तिकीट कमी करा. माझं पत्र या दोन्हींपैकी कशासाठीच नाही. पाळणे हवेत, अजून उंच हवेत, आणि तिकिटाला दहा रुपये जास्त लावलेत तरी मी कुरकुर करणार नाही. मला तुमच्याकडून फक्त एक वही हवी आहे. ती कसली ते पुढे सांगतो. आधी मी कोण ते सांगायला पाहिजे, नाहीतर 'हा कोण शहाणा आला' असं म्हणाल, आणि म्हणणं रास्तच ठरेल.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. मागाचा आवाज बदलला की कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणं ही माझी रोजीरोटी. आणि सुट्टी मिळाली, हातात चार पैसे आले की रोलर कोस्टरवर बसायला जाणं हे माझं वेड. माझ्या वयाची माणसं तुळजापूर, गाणगापूर, पंढरपूर करतात, मी खोपोली आणि हैदराबाद करतो. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघायचं, पहाटे पुण्यात उतरायचं, तिथून मिळेल ती बस पकडून खोपोलीच्या इमॅजिका पार्कच्या दारात उभं राहायचं. घरच्यांनी यावर बोलणं सोडून दिलंय.

कोस्टरवाल्यांत दोन पंथ आहेत. एका पंथाला उलटं व्हायला आवडतं : लूप म्हणजे उभे फेरे किती, कॉर्कस्क्रू म्हणजे पिळाची वळणं किती, एवढंच ते मोजतात. दुसऱ्या पंथाला हवा असतो एअरटाइम, म्हणजे टेकाड ओलांडताना मांडी सीटवरून सुटते आणि पोट वरच राहतं ते दोन-तीन क्षण. मी या दुसऱ्या पंथातला. इमॅजिकाचा नायट्रो बोलिजर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीचा. उंची १३२ फूट, वेग ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा उलटा करतो आणि पायाखाली फळीसुद्धा नाही. यंत्र म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नाही. वेल्डिंग बघावं, रुळाचं वळण बघावं आणि हात जोडावेत. पण मला विचाराल तर तो जरा जास्तच गुळगुळीत आहे. उलटं होतो, सुलटं होतो, आणि सीटवरून मात्र फारसा सुटत नाही. तिथलाच डीप स्पेस अंधारात पळतो, पुढचं वळण दिसत नाही म्हणून पोटात जास्त खड्डा पडतो. हैदराबादच्या वंडरला पार्कातला रिकॉइल आधी पुढे नेतो आणि मग त्याच रुळावरून उलटा परत आणतो. पुढे जाताना मी शांत असतो, उलट येताना ओरडतो. मानेला विचारलं तर तिचं मत वेगळं पडेल.

लूप गोल नसतो हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर होता. त्याचा लूप कंपासनं काढल्यासारखा पूर्ण गोल होता आणि खालून आत शिरताना माणसाच्या मानेवर असा झटका बसायचा की लोक माना धरून उतरायचे. पुढे जर्मनीच्या अँटोन श्वार्त्सकोफ आणि वेर्नर श्टेंगल या दोघांनी लूपला थेंबाचा आकार दिला. खाली वळण मोठं, वर गेल्यावर लहान. १९७६ साली कॅलिफोर्नियात असा पहिला आधुनिक लूप धावू लागला आणि आजचे लूप त्याच वळणाचे आहेत. सांगायचं एवढंच की भीती वाटावी पण इजा होऊ नये, हे कुणीतरी बसून गणितानं काढलेलं असतं.

या श्वार्त्सकोफचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.

आता तुमच्याकडे येतो. पार्कवाले मला क्षमा करोत, पण काही गोष्टी फक्त गड्ड्यावर मिळतात. पहिली म्हणजे आत यायला पैसे नाहीत. ज्याला बसायचंय त्यानं तिकीट काढावं. आजीनं नुसतं बाकावर बसून नातवाला बघावं, शेंगा खाव्यात, तिला कुणी हजार-दीड हजार मागत नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात कनोबेल्स नावाचं पार्क आजही असंच चालतं : प्रवेश फुकट, प्रत्येक राइडचं वेगळं तिकीट. तिथला फिनिक्स हा लाकडी कोस्टर मूळचा टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा, १९४७ सालचा. ते पार्क बंद पडलं, कोस्टर तसाच पडून होता. कनोबेल्सवाल्यांनी फळ्यांवर नंबर टाकून तो सुटा केला, गाड्यांवर घालून आणला आणि १९८५ साली पुन्हा उभा केला. एअरटाइमवाल्यांच्या यादीत तो आजही मानानं बसतो. सोडवायचं, लादायचं, दुसऱ्या गावात जोडायचं ही तुमचीच विद्या आहे, आणि ती कमी दर्जाची आहे असं मला कधीच वाटलेलं नाही.

दुसरी गोष्ट ऑपरेटरचा हात. पार्कात बटन दाबलं की कॉम्प्युटर बाकीचं बघतो, रोज सकाळ-संध्याकाळ सारखंच. तुमचा ब्रेक डान्सवाला गिऱ्हाईक बघून राइड चालवतो. कॉलेजची पोरं बसली की वेग वेगळा, बाळाला घेऊन आई बसली की वेगळा. आकाशपाळणा भरताना तुमची पोरं समोरासमोरचे पाळणे भरत जातात, एका अंगाला वजन झालं की मोटर कण्हते हे त्यांना कुणी शाळेत शिकवलेलं नाही. मौत का कुआंमधल्या गाडीवाल्याबद्दल तर मी काही लिहीतच नाही, ते पत्र वेगळं होईल.

आणि तिसरी, जागा. तुमचा पाळणा वर थांबला की खाली सिद्धेश्वर तलाव, पाण्यातलं मंदिर आणि भुईकोट किल्ल्याचे बुरूज. असा देखावा कुठल्या पार्कानं करोडो रुपये घालून उभा करून दाखवावा.

ड्रॅगन ट्रेन लहान पोरांची म्हणून मोठी माणसं तिला हसतात. माझं मत उलट आहे. शेवटच्या डब्यात बसून बघा. पुढचे डबे टेकाड उतरायला लागले की ते मागच्यांना ओढतात, म्हणून शेवटचा डबा माथा ओलांडताना सगळ्यांत जास्त वेगात असतो. नायट्रोचा जो नियम तोच ड्रॅगन ट्रेनचा. कोलंबसमध्येही मधली जागा घेऊ नका. टोकाला बसा, होडी वर जाऊन क्षणभर थांबते तेव्हा मांडी सुटते ती तिथेच. रांगेतली अनुभवी पोरं टोकासाठी भांडतात, ती उगाच नाही.

हे सगळं लिहिलं कारण पुढचं वाचून तुम्ही मला पाळण्यांचा दुश्मन समजू नये.

मी रांगेत उभा असतो तेव्हा बाकीचे वर बघतात, मी खाली बघतो. पायाखालचे लाकडी ठोकळे बघतो. ठोकळ्यांवर राइड उभी करणं यात गैर काहीच नाही, जगभरातल्या जत्रांत तेच करतात. पण ठोकळा रोज दबतो, त्यामुळे लेव्हलही रोज बघायला लागते. मग पिना बघतो. पिन निसटू नये म्हणून तिला स्प्लिट पिन आहे की नुसती तार गुंडाळलीय. मग मांडीवरचा दांडा, त्याचं कुलूप, त्याच्यामागे दुसरी साखळी आहे का. एका गावच्या जत्रेत, गावाचं आणि मालकाचं नाव घेत नाही, साखळीच्या जागी सुतळीची गाठ होती. मी म्हटलं, मामा, हे काय? उत्तर आलं, "बस की बे, काय होत नाही." मी बसलो नाही. माझ्यामागच्या चार पोरांनी माझी जागा घेतली. त्या दिवशी झालंही काही नाही, आणि खरी अडचण तीच आहे. बहुतेक दिवशी काहीच होत नाही.

पण जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी लंबकासारखी झुलणारी राइड मधल्या दांड्यातच तुटली आणि माणसांसकट खाली आली. दोघांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या जत्रेत उंच मनोऱ्यावरची गोल बैठक थेट जमिनीवर आदळली. दोन्ही व्हिडिओ तुम्ही फोनवर पाहिलेत, हे मला माहीत आहे. धंद्यातल्या माणसानं पाहिले नसतील असं होणार नाही.

लोखंड एका दिवसात तुटत नाही. वेल्डच्या काठाला केसासारखी चीर पडते, प्रत्येक फेरीला ती थोडी पुढे सरकते, आणि पुरेशी आत गेली की उरलेलं लोखंड भार सोसत नाही. म्हणजे आधी कळण्यासारखं असतं. आमच्याकडे शाफ्टचा संशय आला की डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट, टेस्ट करतात. जागा घासून स्वच्छ करायची, लाल रंग मारायचा, थोडा वेळ थांबून पुसून काढायचा, वर पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तीन डबे लागतात आणि एक जाणती नजर. सोलापुरात ही टेस्ट करणारी माणसं मिळतात.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हंगामाच्या आधी तुम्ही राइडला ताजा ऑइल पेंट मारता. लाल, पिवळा, वर चमकी. गिऱ्हाईक म्हणतं, वा, नवीन आणलाय यंदा! मला धास्ती वाटते. चीर झाकायला रंगाइतकी सोपी गोष्ट नाही. रंग मारू नका असं म्हणत नाही, गंजासाठी तो लागतोच. पण रंगाच्या आधी तपासणी झाली का, कुणी केली, कधी केली, हे मला रंग बघून कळत नाही.

इथे वही येते. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये १९८९ साली त्याच श्वार्त्सकोफनं बनवलेला ओलिंपिया लूपिंग नावाचा कोस्टर आला. ओळीनं पाच लूप, ऑलिंपिकच्या पाच कड्यांसारखे. हा कोस्टर पार्कात नसतो. तो जत्रेतला आहे, तुमच्यासारखाच ट्रकवर लादून गावोगाव फिरतो, मैदानावर उभा राहतो, जत्रा संपली की सुटा होतो. पाच लूपचा कोस्टर फिरत्या माणसांच्या भरवशावर! तो चालतो याचं एक कारण म्हणजे जर्मनीत जत्रेतल्या अशा राइडबरोबर तिची तपासणीची वही फिरते. राइड कशी बांधली, कोणता भाग कधी बदलला, तज्ज्ञानं कधी तपासलं, सगळं त्या एका वहीत. नवीन गावात उभारणी झाली की तिथला अधिकारी आधी वही मागतो, मग राइड बघतो, मग चालवायला देतो. वही नसेल तर राइड उभी असूनही बंद.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. भारतीय मानक ब्युरोनं मनोरंजनाच्या राइड्ससाठी मानकं केलेली आहेत, परवानग्या लागतात, दाखले लागतात. पण ते कागद फाइलीत जाऊन बसतात. रांगेतल्या बाईला, जिनं पोराचा हात धरलाय, त्यातलं काय दिसतं? तिकीट-खिडकीवरचा दर दिसतो आणि 'आपल्या सामानाची जबाबदारी आपली' ही पाटी दिसते.

तर माझी मागणी एवढीच. प्रत्येक राइडची एक जाड वही करा आणि ती तिकीट-खिडकीला दोरीनं टांगा. कुणीही उघडून बघावी. पहिल्या पानावर राइड कुठे आणि कोणत्या साली बनली. मग मुख्य शाफ्ट आणि वेल्डची डीपी टेस्ट कधी झाली, कुणी केली. त्यानंतर रोजचं एक पान : लेव्हल बघितली, पिना मोजल्या, ब्रेक बघितला, कुलपं बघितली, सकाळी वाळूची पोती घालून रिकाम्या फेऱ्या मारल्या, खाली फिटरची सही आणि वेळ. पार्कात रोज दार उघडायच्या आधी रिकाम्या फेऱ्या मारतातच. तुम्हीही मारता, मी पाहिलंय, पण मी सकाळी मैदानावर येणारा माणूस आहे, बाकीच्यांना ते कसं कळणार?

तुम्ही म्हणाल, वही खोटीपण लिहिता येते. येते की. पण हे सोलापूर आहे. इथे रांगेत उभ्या माणसांत टर्नर असतो, वेल्डर असतो, जॉबर असतो, साखर कारखान्यातला फिटर असतो. एकाच पेनानं एका बैठकीत भरलेलं लॉगबुक आम्हाला दोन हातांवरून ओळखू येतं, आम्ही स्वतः तसली भरलेली पाहिलीत. आणि ज्या दिवशी सही करायची त्या दिवशी सही करणारा माणूस निदान एकदा तरी पिनेकडे बघतो. मला तेवढं पुरे आहे.

त्या वहीत वीज जाण्याबद्दलही एक ओळ हवी. मोठ्या कोस्टरचे ब्रेक मुळात बंदच असतात, हवेच्या दाबानं ते उघडतात. हवा गेली, वीज गेली, तर ब्रेक आपोआप आवळतो. चढावर साखळी ओढताना जो कट-कट-कट आवाज येतो, तो डबा मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खिट्टीचा. साखळी तुटली तरी डबा तिथेच अडतो. रुळावर चाकं नुसती वरून नसतात, बाजूनं आणि खालूनही असतात. ही खालची चाकं जॉन मिलर या अमेरिकी माणसानं १९१९ साली पेटंट केली, तेव्हापासून डबा रुळावरून उडायची भीती गेली आणि माझ्या पंथाला एअरटाइम मिळाला. सगळ्यांमागचं सूत्र एकच : यंत्र बिघडलं तर थांबून बिघडावं. तुमच्या राइडची वीज मध्येच गेली तर काय होतं? पाळणा जागेवर थांबतो, की जड बाजूला फिरायला लागतो? हातानं फिरवून माणसं उतरवायची सोय आहे का? असेल तर लिहा. ते वाचून मी घाबरणार नाही, उलट निर्धास्त बसेन.

उंचीच्या पट्टीबद्दल थोडक्यात. पट्टी लावलेली असते, पण तिच्यापुढे बापाचा आवाज मोठा ठरतो. "माझं पोरगं आहे, मी बघतो." दांडा मोठ्या माणसाच्या मांडीवर टेकतो तेव्हा शेजारच्या लहान पोराच्या पोटापुढे वीतभर जागा मोकळी राहते, बाप कितीही बघत असला तरी. अशा वेळी ऑपरेटरनं नाही म्हटलं तर मालकांनी त्याच्या मागे उभं राहावं. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. तोच नियम मोकळे केस, ओढणी आणि चालत्या राइडवर उडी मारून चढणाऱ्या हिरोंना. आणि त्या ऑपरेटरला सकाळपासून रात्री बारापर्यंत एकट्याला उभं ठेवू नका. आमच्या मागांवरसुद्धा शिफ्ट बदलते.

जाता जाता एक वेगळा विषय. सोलापूरला मोठं अम्युझमेंट पार्क पाहिजे असं आमचे काही मित्र फार पोटतिडकीनं बोलतात. त्यातही वॉटर पार्क. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे लाटांचा तलाव बांधायची कल्पना मला तरी पचत नाही. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात, पारा ४३-४४ वर असताना, भर दुपारी लोखंडी सीटवर कोण बसणार? मोठं पार्क बारा महिने गर्दी मागतं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ साली सुरू झालं तेव्हा देशभर नाव होतं, २००८ साली ते बंदही झालं. आपली गर्दी हिवाळ्यातली आहे, तलावाकाठची आहे आणि ती आपणहून येते. तिला पार्काच्या भिंतीत कोंडण्यापेक्षा गड्ड्यावर एक खरा कोस्टर येऊ द्या.

म्हणून मालकांपैकी ज्याची ऐपत असेल त्याला माझी विनंती : वाइल्ड माऊस आणा. जर्मनीच्या जत्रांत वाढलेली ही जात. लांब ट्रेन नाही, दोन-चार माणसांचा एकेक सुटा डबा. वर चढवतात आणि मग वरच्या वरच इकडून तिकडे काटकोनात वळवतात. वळण कलतं नसतं, त्यामुळे डब्याचं नाक रुळाबाहेर जाऊन मग वळतं, आणि दर वेळी वाटतं की आता खाली गेलो. वेग फार नाही, उंची फार नाही, जागाही फार खात नाही, कारण सगळा रूळ एकावर एक रचलेला असतो. सुटा करून ट्रकवर जातो. फक्त एकावेळी अनेक डबे रुळावर असतात, म्हणून पुढचा डबा आपला टप्पा सोडेपर्यंत मागच्याला अडवून धरणारे ब्रेक चोख लागतात. तिथे मात्र हात राखू नका. स्वस्तातला घेऊन ते ब्रेक ऑपरेटरच्या अंदाजावर सोडणार असाल तर आणूच नका, आपली ड्रॅगन ट्रेन बरी.

नंदीध्वजांच्या मिरवणुका झाल्या, शोभेचं दारूकाम झालं की मैदानावरची गर्दी खरी तुमची होते. त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी येईन. आधी खिडकीपाशी थांबेन, वही चाळेन. असेल तर दोन तिकिटं, लागोपाठच्या दोन फेऱ्यांची, शेवटच्या डब्यातली. वहीत काही खटकलं तर तिथेच फिटरला विचारेन, वाद घालायला नाही, समजून घ्यायला. आणि तीन डबे घेऊन डीपी टेस्ट कशी करतात हे तुमच्या पोरांपैकी कुणाला बघायचं असेल तर रविवारी आमच्याकडे सुट्टी असते. मी मैदानावर येऊन दाखवतो, पैसे नकोत, चहा पाजा.

आपला,
गड्ड्यावरचं एक जुनं गिऱ्हाईक,
सोलापूर